रद्दी, खळ आणि चार पोरं: सुट्टीत कागदाचं काय काय करता येईल?

जिंतूरची सून

परभणीत सध्या सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच पोरांना उंबऱ्याबाहेर सोडायची सोय नाही. घरात माझी दोन, नणंदेची दोन. सगळ्यात मोठा अकरा वर्षांचा, सगळ्यात धाकटी सहाची. मोबाइल काढून घेतला की मारामाऱ्या, दिला की डोळ्यांची चिंता.

मागच्या आठवड्यात ऑनलाइन एक क्राफ्टचा डबा मागवला. साडेसहाशे रुपये. आत चार रंगीत कार्डशीट, क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) कागदी पट्ट्यांच्या दोन गुंडाळ्या, बोटभर गोंद आणि इंग्रजीत एक पुस्तिका. दीड तासात फडशा पडला आणि परत "आई, आता काय करू?"

माळ्यावर दोन वर्षांची रद्दी आहे, पन्नासेक लग्नपत्रिका आहेत, जुनी कॅलेंडरं आहेत. कात्री आणि खळ एवढ्यावर होईल असं काही सांगा. व्हिडिओ पाठवू नका, तिथं सगळ्यांच्या घरी गरम गोंदाची बंदूक असते.

आणखी एक. सासूबाई म्हणतात, त्यांच्या आजोळी कागदाचा लगदा करून, त्यात मेथ्या घालून टोपल्या करायचे. त्यांनी स्वतः केल्यात, पण सात-आठ वर्षांच्या होत्या तेव्हा. नीट आठवत नाही. कुणाला येतं का हे?

धाटाची गाडी

वहिनी, भिरभिऱ्यापासून सुरुवात करा. वीतभर चौकोन घ्या, कॅलेंडरचा कागद सगळ्यात बेस. चारी कोपऱ्यांतून मध्याकडं कात्री मारायची आणि बोटभर अलीकडं थांबायचं. पोरं नेमकी तिथंच थांबत नाहीत. म्हणून आधी मध्यावर दहाचं नाणं ठेवून गोल काढून द्या आणि सांगा, ही विहीर आहे, कात्री आत पडली की खेळ खलास. मग एक सोडून एक टोक मध्ये आणा आणि टाचणी टोचा.

खरी गंमत पुढं आहे. कागद आणि दांडी यांच्यामध्ये रिकाम्या रिफिलचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा टाचणीत ओवा. तो नसला तर कागद दांडीला घासतो आणि भिरभिरं नुसतं मान हलवतं. दांडी म्हणून कडब्याचं धाट घ्या. आतला भेंड इतका मऊ असतो की टाचणी बोटानं दाबली तरी जाते. फक्त साल पोरांना सोलू देऊ नका, ब्लेडसारखी चिरते. माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

नांदेडकर

दादा, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. कडबा लिफ्टमधून आणू का? 😄

धाटाची गाडी

दूधवाल्याला सांगा, एक धाट आणून देईल. पेंढी नका मागू.

पुठ्ठेवाला

तीस वर्षं बाइंडिंगचं काम केलं, त्यामुळे कागदावर चार शब्द बोलायचा हक्क आहे असं समजतो.

ताई, आधी पोरांना एक गोष्ट करायला लावा. वर्तमानपत्राचं पान घ्या आणि वरून खाली फाडा. सरळ पट्टी निघेल, फूटपट्टी लावल्यासारखी. आता तेच पान डावीकडून उजवीकडे फाडा. वेडंवाकडं जाईल, काही केल्या सरळ जाणार नाही. कारखान्यात कागद लांबच लांब पळत तयार होतो, त्यातले तंतू बहुतेक त्या पळायच्या दिशेनं झोपतात. तंतूंच्या बाजूनं फाडलं तर वाट मिळते, आडवं फाडलं तर एकेक तंतू तोडावा लागतो. धंद्यात याला ग्रेन म्हणतात.

हे एवढं कळलं की अर्ध्या तक्रारी मिटतात. घडी ग्रेनच्या बाजूनं घातली तर धारदार बसते, आडवी घातली तर जाड कागद घडीवर तडकतो. लग्नपत्रिकेचं पाकीट करताना हमखास हे होतं. पत्रिका हातात धरून दोन्ही बाजूंनी हलकीच वाकवून बघा, जिकडं सहज वाकते तिकडं घडी.

खळ लावली की कागद फुगतो, तोही तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त. मग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला धनुष्यासारखं ओढतो. लोक म्हणतात खळ वाईट. खळीचा काय दोष? पुठ्ठ्याच्या मागूनही तसाच कागद चिकटवा, दोन्हीकडून ओढ बसते आणि पुठ्ठा सपाट राहतो. रात्रभर वर पाटा ठेवा.

खळीचं सांगतो. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्यायचा, गुठळी राहिली तर ती कागदाखाली खड्यासारखी दिसते. मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायची. आत चिमूटभर तुरटी. उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबते, म्हणून थोडी थोडी करा. आम्ही दुकानात मोरचूद घालायचो, किडा लागत नाही. पण ते विष आहे, पोरं असलेल्या घरात त्याचं नाव काढू नका.

जिंतूरची सून

पुठ्ठेवाला काका, फाडून बघितलं! मोठा दहा मिनिटं हेच करत होता. आडवं सरळ फाडून दाखवीन म्हणून बहिणीशी पैज लावली आणि अख्खी रविवारची पुरवणी संपवली. हरला.

पाचवीचा बाप

तुमची पोरं स्वतः करतात म्हणजे नशीबवान आहात. आमच्याकडे शाळेतून रात्री आठ वाजता मेसेज येतो, "उद्या टाकाऊतून टिकाऊ आणावे." टाकाऊ कुठून आणू? दुकानात जाऊन नवा थर्माकोल आणतो, नवी चमकी आणतो, बायको रात्री बारापर्यंत ताजमहाल करते आणि पोरगं झोपलेलं असतं. सकाळी बक्षीस ताजमहालाला. पंधरा दिवसांनी तो ताजमहाल घंटागाडीत. सगळं टिकाऊ आणून टाकाऊ करतो आम्ही.

झेडपी गुरुजी

पाचवीचे बाप, तुमचं दुःख कळतं. मी दुसऱ्या बाजूचा आहे. वस्तीवरची शाळा, कार्यानुभवाला पैसे नाहीत, त्यामुळे ताजमहालाची भीती नाही.

आमच्याकडे कार्यालयातले एका बाजूनं छापलेले कागद भरपूर. ए४ आकाराचा कागद २१० मिमी रुंद आणि २९७ मिमी लांब असतो. कोपरा तिरपा दुमडून चौकोन काढला की ८७ मिमीची पट्टी उरते. चौकोनाची होडी, पाकीट, भिरभिरं होतं. पट्टी सगळे फेकून देतात. तिची गिरकी करा.

पट्टी उभी धरा. वरून मधोमध निम्म्यापर्यंत कापा, दोन पंख झाले. एक पुढं, एक मागं दुमडा. खालचा भाग दोन्ही बाजूंनी आत दुमडून अरुंद करा आणि टोकाला एक यू-पिन लावा. गच्चीवरून सोडा, गरगरत खाली येते. मग पोरांना विचारा, पंख उलटे दुमडले तर? उलटी फिरते. दोन पिना लावल्या तर? लवकर पडते. पंख निम्मे कापले तर? हे त्यांनाच करू द्या, तुम्ही सावलीत बसा.

मला हे सगळं अरविंद गुप्तांच्या खेळण्यांमुळे लागलं. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेला आणि काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून खेळणी करत सुटला. पुढं पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांच्या केंद्रात बरीच वर्षं होते, २०१८ ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर आहे, फुकट. डबा मागवायच्या आधी तिथं एक चक्कर मारा.

अर्धवट विणकर

वर्तमानपत्राच्या नळ्यांच्या टोपल्या करते मी. लगद्याचं माहीत नाही, पण हे पोरांना जमतं.

पानाच्या वरून खाली चार पट्ट्या करायच्या (काकांनी सांगितलंच, सरळ फाटतात, कात्री पण नको). सायकलची तार किंवा विणायची सुई कोपऱ्यावर तिरकी ठेवायची आणि घट्ट गुंडाळत जायचं. खळ फक्त शेवटच्या टोकाला. सगळीकडे लावली तर तार आत अडकते, मग ओढताना नळी चुरगळते. तिरकी गुंडाळल्यानं एक टोक बारीक, एक जाड होतं. बारीक टोक पुढच्या नळीच्या जाड टोकात खुपसून वाढवत न्यायचं.

पहिल्या वीस नळ्या टाकून द्यायच्या असतात, हे आधीच सांगते. मी हट्टानं वापरल्या, माझी पहिली टोपली अजूनही एका बाजूला झुकलेली आहे. नाव तिथूनच पडलं.

लातूरची लेक

क्रेप कागदाची फुलं कुणी सांगितली नाहीत? आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या सजावटीला दरवर्षी बाहेरून माळा आणायचो, आता तीन वर्षं घरीच. क्रेपला पण काकांच्या ग्रेनसारखीच दिशा असते, सुरकुत्या उभ्या असतात आणि तो आडवाच ताणतो. पाकळी कापताना सुरकुत्या देठापासून टोकाकडे गेल्या पाहिजेत. मग दोन्ही अंगठे मध्ये ठेवून हलकं फाकवलं की पाकळीला वाटीसारखा पोटाडा येतो. उलट कापली की पाकळी नुसती लांब होते, जिभेसारखी लोंबते.

सुट्टीत करून ठेवा आणि डब्यात बंद करा. उघडी ठेवली तर भाद्रपदापर्यंत धूळ खाऊन करडी होतात. लाल क्रेपला ओला हात लावू नका, साडीवर डाग पडला तर जात नाही. (माझी नव्हती, जावेची होती. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.)

खडकीकर

लगद्याचा विषय निघालाच आहे तर. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतं. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तेव्हा आलेल्यांत कागद करणारे कारागीर होते आणि ते इथं वसले असं सांगतात. सुती चिंध्या कुटून केलेला हातकागद ही गावाची ओळख. वेरूळला शंभर गाड्या जातात, तिथं दोन थांबतात.

लेकीला दाखवायला घेऊन गेलो आणि घरी येऊन तिनं करायला लावलाच. रद्दी भिजवून मिक्सरला पातळ फिरवली आणि टबातल्या पाण्यात सोडली. भरतकामाच्या गोल चौकटीत मच्छरदाणीचं कापड ताणून बसवलं, तेच आमचं चाळणं. ते आडवं बुडवून सरळ वर उचलायचं. उचलताना हात जरा हलवला तर लगदा सारखा पसरतो, नाहीतर एका बाजूला ढीग होतो. जुन्या धोतरावर पालथं घालून वरून स्पंजनं पाणी टिपायचं.

पहिला कागद भाकरीएवढा जाड आला. चौथा बरा आला. वर्तमानपत्राचा राखाडीच होतो, पांढरा हवा तर वह्यांची पानं घ्या. झेंडूच्या पाकळ्या टाकल्या की छान दिसतं. शाई फुटते त्यावर, लिहायला घोटावा लागतो. वाटीच्या बुडानं घासा. आपण ज्याला घोटीव कागद म्हणतो तो हाच, घोटून चकचकीत केलेला.

मेडिकलवाला

२०१८ ला प्लास्टिकबंदी आली तेव्हा गल्लीतल्या दोन-तीन घरांत बायका माझ्यासाठी कागदी पिशव्या करायच्या. पोरंही करू शकतात, पण तळाची घडी नीट दाबायला शिकवा, गोळ्यांची पट्टी तिथूनच निसटते.

बोलायचं कारण वेगळं. रद्दीच्या टोपल्या-वाट्यांत चिवडा, भजी, पापड्या ठेवू नका. छपाईची शाई खाण्यात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१६ ला आणि परत २०२३ ला याबद्दल बजावलंय. पेन, चाव्या, रिमोट, सुईदोरा ठेवा की.

अंबाजोगाईची काकू

जिंतूरच्या सूनबाई, लगद्याचं मी सांगते. सून टाइप करायलीय, मी बोलायलेय.

रद्दी एक किलो घे. चकचकीत पानं काढून टाक, ती कुटत नाहीत. बारीक फाडून तीन-चार दिवस भिजव, रोज पाणी बदल. मग पिळून उखळात कूट. उखळ नसल तर मिक्सर, पण थोडं थोडं, नाहीतर मोटार जळती. बोटांत चोळून बघ, कागदाचा तुकडा लागला नाही पाहिजे, लोण्यासारखं झालं पाहिजे. मेथ्या पाव किलो, रात्री भिजवून वाटायच्या. त्या चिकट होतात, त्यानंच लगदा धरतो, आणि आमच्या आई म्हणायच्या किडा बी लागत नाही. दोन्ही कणकेवाणी मळ.

घमेलं पालथं घाल, वर ओलं फडकं टाक. फडकं इसरलीस तर टोपलं घमेल्यासकट संसाराला लागल. बोटाएवढा थर थापत जा, बुडापासून काठाकडं. वरून चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून फोलपटं काढायची, रात्रभर भिजवायचे, वाटून शिजवायचे. मैद्याच्या खळीपेक्षा लई घट्ट धरती.

जिंतूरची सून

काकू, नमस्कार! सासूबाईंना वाचून दाखवलं. "फडकं, फडकं! तेच तर आठवत नव्हतं" म्हणाल्या. उद्या रद्दी भिजवते.

जिंतूरची सून

सहा दिवसांनी हजर. वाईट बातमी. टोपलं दणक्यात झालं, चारही पोरं कोपरापर्यंत लगद्यात. गच्चीवर वाळत ठेवलं. काल पारा ४२ ला होता. संध्याकाळी बघते तर बुडापासून काठापर्यंत तीन भेगा, शेतातल्या काळ्या मातीसारख्या. धाकटीनं रडून घर डोक्यावर घेतलंय.

पुठ्ठेवाला

वरचा थर आधी वाळून आकसला, आतला ओलाच होता, आणि आत घमेलं. घमेलं काही आकसत नाही. मग कुठं जाणार? फुटणारच.

अंबाजोगाईची काकू

अगं बाई, उन्हात नाही ठेवायचं! ते सांगायचंच राहिलं. सावलीत दोन दिवस, मग अर्धवट ओलं असतानाच घमेल्यावरून सोडवून घ्यायचं आणि रिकामं वाळवायचं. पार कडक झालं की मग एक दिवस ऊन. टाकू नको ते. परत भिजव, परत कूट, मूठभर मेथ्या वाढव. लगदा कधी वाया जात नाही.

पाचवीचा बाप

वाया गेलेला प्रोजेक्ट परत भिजवून दुसरा करता येतो, ही सोय शाळेला कळवू नका.

जिंतूरची सून

झालं! दुसरं टोपलं, एकही भेग नाही.

थापून झाल्यावर मी काठ कात्रीनं सारखा करायला निघाले होते. सासूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, थांब. आणि काठावर अंगठा तिरका दाबत, जरा पुढं सरकून परत दाबत, गोल फिरल्या. करंजीला मुरड घालतात तशी. सगळा काठ पिळाच्या दोरीसारखा दिसायला लागला. त्यांनाच नवल वाटलं. "हे कुणी शिकवलं होतं, ते आठवत नाही," म्हणाल्या. मग चारही पोरांनी आपापल्या हातभर काठावर अंगठे उमटवले, त्यामुळे दोरी चार ठिकाणी चार जाडीची आहे. सहा वर्षांच्या अंगठ्याची बाजू सगळ्यात बारीक.

वरून गेरू, त्यावर पांढऱ्या खडूच्या घोळानं पैठणीच्या काठावरची नारळी काढली. म्हणजे निदान तो विचार होता, सध्या करवतीचे दात वाटतात. आत चाव्या, टॉर्च आणि माझा जप्त केलेला मोबाइल.

नांदेडकर

फारच सुंदर. एक विचारू? मेथ्यांचा वास किती दिवस राहतो?

जिंतूरची सून

आज नववा दिवस. माझ्या मोबाइललाही येतोय.

आणि चिंचोके हवेत का कुणाला? दिरांना "थोडे आणा" म्हटलं होतं, शेतातून पाच किलो पाठवलेत. परभणीतल्या परभणीत आणून देईन.